तळे आधी, चित्र नंतर

१८९३ साली फ्रान्समधल्या जिव्हर्नी नावाच्या खेड्यात एका अर्जावरून वाद पेटला. अर्ज साधाच होता. एप्त नदीचा 'रु' नावाचा एक लहान फाटा गावाला लागून वाहत होता. त्याच्या काठची, रेल्वेरुळांच्या पलीकडची ओलसर जमीन एका चित्रकाराने फेब्रुवारीत विकत घेतली होती. फाट्याचे थोडे पाणी आत वळवून तिथे तळे करायचे आणि त्यात पाणवनस्पती लावायच्या, यासाठी त्याने जिल्ह्याच्या प्रमुखाकडे परवानगी मागितली होती.

गावकऱ्यांनी हरकत घेतली. त्या पाण्यावर गावातल्या बायका धुणे धूत, गुरे त्यावरच पाणी पीत. चित्रकार कुठली तरी परदेशी झाडे आणून लावणार, त्यांनी पाणी विषारी झाले तर जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय हा माणूस मूळचा गावातला नव्हता. दहा वर्षांपूर्वी भाड्याच्या घरात राहायला आला आणि १८९० मध्ये तेच घर बावीस हजार फ्रँकला विकत घेऊन बसला. शेतात चित्रफळी मांडून उभा राहणाऱ्या माणसाकडे शेतकरी ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने गाव त्याच्याकडे पाहत होते.

चित्रकार संतापला. पण जुलैमध्ये त्याने पुन्हा जिल्हाप्रमुखाला लिहिले आणि आपला हेतू उलगडून सांगितला: ही लागवड डोळ्यांच्या सुखासाठी आणि चित्रांना विषय मिळावेत म्हणून आहे, त्यातून कुणाच्या पाण्याला धोका नाही. त्याच महिन्यात परवानगी मिळाली. खोदाई झाली, पाणी आत आले. क्लोद मोनेचे ते कुमुदिनीचे तळे आज जगातल्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या तळ्यांपैकी एक आहे. दिनदर्शिकेवर, छत्रीवर, चहाच्या कपावर ते आपल्यापर्यंतही पोहोचले आहे.

पाण्याचा फाटा वळवणे, त्याला गावाने हरकत घेणे, परवानगीसाठी सरकारदरबारी खेटे घालणे हे पनवेलच्या वाचकाला नवे नाही. आपल्या तालुक्यात विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, डोंगर कापला गेला, ते आपण पाहिले आहे. म्हणून ही गोष्ट मला चित्राच्या चौकटीपाशी सुरू करायची नव्हती. ते चित्र मुळात पाण्याच्या परवान्यातून, फावड्यातून आणि माळ्याच्या पगारातून आले आहे. तळे आधी झाले, त्याची निगा राखली गेली, आणि मग चित्र झाले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मोने १८४० सालचा, पॅरिसचा. १८७४ च्या एप्रिलमध्ये त्याने आणि त्याच्या मित्रांनी सरकारी प्रदर्शनाकडे पाठ फिरवून, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचे त्याचे एक चित्र होते. त्याच्या नावातला 'इंप्रेशन' हा शब्द उचलून लुई लरुआ या समीक्षकाने सगळ्या गटाची टर उडवली, आणि तेच नाव पुढे चळवळीला चिकटले. मराठी कलासमीक्षेत आपण तिला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. स्टुडिओतला तपकिरी अंधार सोडून बाहेर जायचे, समोरच्या क्षणाचा उजेड कॅनव्हासवर उतरवायचा, सावलीत काळा न घालता निळा-जांभळा शोधायचा, रंग पॅलेटवर न घोटता शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यांची मिसळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायची, असा हा मार्ग होता. पत्र्याच्या नळीत भरलेले तयार रंग आणि गावोगाव पोहोचलेली आगगाडी, या दोन गोष्टींनी तो शक्य केला.

पहिली वीस वर्षे मोनेने गरिबी पाहिली. गवताच्या गंजींची त्याची पंधरा चित्रे १८९१ मध्ये दुराँ-र्युएल या विक्रेत्याने मांडली आणि ती विकली गेली, तेव्हा कुठे त्याच्या हातात पैसा खेळू लागला. तो सगळा त्याने बागेत ओतला.

कुमुदिनी त्याने पाहिल्या असाव्यात त्या १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. आयफेल टॉवर ज्या प्रदर्शनासाठी उभा राहिला, तेच हे. दक्षिण फ्रान्समधल्या तँप्ल-सूर-लो गावचा जोसेफ लातूर-मार्लियाक याने तिथल्या पाण्यात आपल्या नव्या जाती मांडल्या होत्या. युरोपच्या थंडीत टिकणारी कुमुदिनी तोवर मुख्यतः पांढरी असे. मार्लियाकने अमेरिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या जातींशी संकर करून पिवळ्या, गुलाबी, लाल छटांच्या, तरीही हिवाळा सोसणाऱ्या कुमुदिनी तयार केल्या. मोनेने त्याच्याकडून रोपे मागवली. म्हणजे ज्याला आपण निसर्गचित्र म्हणतो त्यातला निसर्ग त्या काळी नवाकोरा होता, रोपवाटिकेतून पार्सलने आलेला. शंभर वर्षे आधीच्या चित्रकाराला हे रंग युरोपातल्या उघड्या तळ्यावर दिसलेच नसते.

तळ्यावर त्याने जपानी धाटणीचा कमानदार लाकडी पूल बांधला आणि त्याला हिरवा रंग दिला. होकुसाई, हिरोशिगे यांची लाकूडठशाची चित्रे त्याच्या घरभर टांगलेली होती. १९०१ मध्ये शेजारची आणखी जमीन घेऊन त्याने तळे वाढवले. बागेत सहा-सात माळी होते. त्यातला एक केवळ तळ्यासाठी. तो सकाळी होडी घेऊन पाण्यावर जाई, वाळलेली पाने काढी, कुमुदिनीचे वेटोळे आटोपशीर ठेवी. आगगाडी बागेच्या मधून जाई, तिची काजळी पानांवर बसे. तीही पुसली जाई. बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या तेव्हा धुळीचा थर पाण्यावर येऊ लागला. मोनेने त्या रस्त्याच्या डांबरीकरणाचा खर्च स्वतः उचलला. पाणी स्वच्छ राहिले नाही तर त्यात आकाश दिसणार नाही, आणि आकाश दिसले नाही तर चित्र नाही.

१८९९ च्या उन्हाळ्यात त्याने पुलाची चित्रे केली. त्यांत अजून काठ आहे, झाडे आहेत, पाहणाऱ्याला उभे राहायला जमीन आहे. नंतर एकेक गोष्ट निघून गेली. आधी पूल गेला, मग काठ, मग क्षितिज. उरले ते पाणी, त्यावरच्या पानांची बेटे आणि पाण्यात उलटे पडलेले ढग. १९०९ च्या मे महिन्यात अशी अठ्ठेचाळीस चित्रे पॅरिसमध्ये एकत्र लागली. त्यांना त्याने जलदृश्यांची मालिका म्हटले. हे प्रदर्शन त्याने आधी पुढे ढकलले होते, कारण १९०८ मध्ये मनासारखी न झालेली किमान पंधरा चित्रे त्याने स्वतः फाडून टाकली होती.

आता आपल्याकडे वळू. मोने तळे खोदत होता त्याच काळात कोल्हापुरात एक चित्रकार तळ्यांच्या काठी बसून चित्रे काढत होता. आबालाल रहिमान हे त्यांचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरात ते जन्मले. घराणे कुराणाच्या सुरेख हस्तलिखित प्रती करणारे, म्हणजे बोरू, शाई आणि वेलबुट्टी घरातच. त्या बोटांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण मिळाले. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तिथे मुख्य होते, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेण्याचे मोठे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. आबालालांचे रेखांकन इतके चोख होते की १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. अशा विद्यार्थ्यापुढे मुंबईत पारशी शेटजींची, संस्थानिकांची व्यक्तिचित्रे रंगवून नाव आणि पैसा कमावण्याचा रस्ता मोकळा होता. ते कोल्हापूरला परतले.

१८९४ च्या २ एप्रिलला शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. मल्ल, गवई, शिल्पी, चित्रकार यांना जवळ करणाऱ्या या राजाने आबालालांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. आबालाल शिकारीच्या मोहिमांवर महाराजांबरोबर जात, जंगल पाहत, जनावरे पाहत. पण त्यांचा जीव रमला तो पाण्याकाठी. पंचगंगेचा घाट, रंकाळा, रावणेश्वर आणि सर्वांत जास्त कोटितीर्थ.

कोटितीर्थाच्या काठी ते राहिले आणि फकिरासारखे राहिले. लग्न केले नाही, शहरात मिरवले नाहीत. त्यांची बरीच चित्रे आकाराने लहान आहेत, कागदावर जलरंगात केलेली. शिक्षणाच्या काळातला काटेकोर तपशील त्यांत हळूहळू सुटत जातो. झाडाच्या पानापानाची नोंद थांबते आणि रंगाचे लहान लहान ठिपके, तुटक फटकारे सुरू होतात. दूरचा काठ धुक्यात विरतो, पाण्यावरचा उजेड कागदाच्या पांढऱ्यातून वर येतो. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी रंगवला. पाऊसकाळात हा दगडी मंडप जवळजवळ बुडालेला असतो आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरत जाते तसतसे त्याचे खांब बाहेर येतात. दर महिन्याला वेगळा दिसणारा विषय, त्यावर दर तासाला बदलणारा उजेड. दृक्प्रत्ययवादी चित्रकाराला यापेक्षा अधिक काय हवे?

समीक्षकांनी आबालालांच्या उत्तरकालीन चित्रांना दृक्प्रत्ययवादाशी जोडले ते याच तुटक रंगांमुळे. मला वाटते त्यांची वाट वेगळी होती. जे. जे.मध्ये इंग्रजी जलरंगाची परंपरा शिकवली जात होती. पातळ रंग, ओला कागद, कागदाचाच उजेड ही तिची शिदोरी होती. तिला बोरूच्या ठिपक्यांची घरची सवय जोडली गेली आणि वर्षानुवर्षे एकच पाणी पाहण्याची साधना त्यावर चढली. एकाच तळ्याकडे रोज पाहणाऱ्या माणसाला झाडाची पाने मोजण्यात रस उरत नाही, त्याला हवा दिसू लागते. जिव्हर्नीत हे झाले आणि कोटितीर्थावरही झाले. एका मुसलमान चित्रकाराने आयुष्य हिंदूंच्या तीर्थाकाठी घालवले आणि घाट, मंदिरे, मंडप इतक्या प्रेमाने रंगवले, याचे त्या कोल्हापुरात कुणाला नवल वाटले नाही. ते कोल्हापूर तसे होते, आणि ते आठवणीत ठेवण्यासारखे आहे.

दोघांमधला फरकही सांगितला पाहिजे. मोने आपल्या तळ्याचा मालक होता. कोटितीर्थ कुणा एकाचे नव्हते. तिथे लोक येत, धुणी होत, जनावरे पाण्यावर येत. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पायाभरणी केलेली कापडगिरणी त्याच परिसरात उभी राहिली. मोनेला आपला रस्ता डांबरी करून घेता आला, आबालालांना गिरणीचा धूर अडवता आला नसता. त्यांच्या तळ्याची निगा राखणे हे गावाचे आणि दरबाराचे काम होते, आणि जोवर ते झाले तोवरच चित्र होऊ शकले.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. १९३१ मध्ये ते गेले. बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी आणि पुढच्या पिढ्यांतल्या कोल्हापूरच्या चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले, माधवराव बागलांनी त्यांच्याबद्दल आस्थेने लिहिले. त्यांच्या उरलेल्या चित्रांपैकी काही टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. कोल्हापूरला महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक पनवेलकराने अर्धा तास तिथे द्यावा.

इकडे जिव्हर्नीत मोनेची शेवटची वर्षे कठीण होती. १९१० च्या जानेवारीत सीन नदीला महापूर आला आणि तळे, पूल, बाग सगळे पाण्याखाली गेले. ज्या शहराने २६ जुलै २००५ ला गाढी नदीचे पाणी घरात शिरलेले पाहिले, त्याला त्या माणसाची घालमेल समजावून सांगायला नको. १९११ मध्ये पत्नी आलिस गेली. १९१२ मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. १९१४ मध्ये मोठा मुलगा जाँ गेला, आणि त्याच उन्हाळ्यात महायुद्ध सुरू झाले. गाव रिकामे होऊ लागले. त्र्याहत्तर वर्षांचा मोने हलला नाही. युद्धाच्या टंचाईत त्याने बागेत मोठा नवा स्टुडिओ बांधून घेतला, दोन मीटर उंचीचे कॅनव्हास चाकांच्या चौकटींवर उभे केले आणि तळे पुन्हा रंगवायला घेतले. जाँची विधवा ब्लांश, जी आलिसची मुलगीही होती, त्याची देखभाल करत होती. ती स्वतः उत्तम चित्रकार होती, हे बहुतेक लेखांत सांगायचे राहून जाते.

त्याला रंगवते ठेवणारा दुसरा माणूस म्हणजे जॉर्ज क्लेमाँसो. हा त्याचा जुना मित्र युद्धाच्या शेवटच्या वर्षात फ्रान्सचा पंतप्रधान होता. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्धविराम झाला. दुसऱ्याच दिवशी मोनेने त्याला पत्र लिहून, विजयाच्या दिवसाची सही घालून दोन मोठी चित्रे राष्ट्राला देऊ केली. क्लेमाँसोने दोनावर समाधान मानले नाही. दोनाची मालिका झाली, १९२२ मध्ये दानपत्र झाले, पॅरिसच्या त्विलरी बागेतली ऑरांजरी नावाची इमारत त्यासाठी ठरली.

दरम्यान मोनेची नजर जवळजवळ गेली होती. रंगाच्या नळ्यांवरची नावे वाचून तो रंग घेई. या काळातले पुलाचे चित्र पाहिले तर पूल ओळखू येत नाही. तांबडा, पिवळा, गंजल्यासारखा रंगाचा गुंता दिसतो. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कधी सगळे पिवळे दिसे, कधी निळे. रंगीत भिंगांचे चष्मे आले. क्लेमाँसो त्याला समजावी, रागे भरी, कधी पत्रातून खडसावी. चित्रे पुरी झाली नाहीत, असे मोने अखेरपर्यंत म्हणत राहिला आणि जिवंतपणी त्याने ती हातची सोडली नाहीत. ५ डिसेंबर १९२६ ला तो गेला. १७ मे १९२७ ला ऑरांजरीतली दोन लंबवर्तुळाकार दालने उघडली. आठ भव्य चित्रे, सगळी मिळून लांबी ९० मीटरच्या वर. त्या भिंतींमध्ये पाहणाऱ्याच्या चहूकडे तळे असते.

आणि लोक आले नाहीत. चित्रकलेची हवा बदलली होती. क्युबिझमच्या पिढीला या पाण्यात रस नव्हता. त्या दालनांकडे दुर्लक्ष झाले, १९४४ मध्ये पॅरिसच्या लढाईत इमारतीला तोफगोळ्यांची झळ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमूर्त चित्रकारांची पिढी आली तेव्हा त्यांना या क्षितिज नसलेल्या पाण्यात आपला पूर्वज दिसला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५५ मध्ये मोनेचे एक मोठे कुमुदिनीचे चित्र घेतले आणि वारे फिरले.

तळ्याचे काय झाले, ते याहून बोलके आहे. ब्लांश १९४७ मध्ये वारली, आणि त्यानंतर बागेला वाली उरला नाही. धाकटा मुलगा मिशेल तिथे राहत नव्हता. १९६६ मध्ये तो गेला आणि मिळकत ललित कला अकादमीकडे आली, तेव्हा तळ्याचे काठ ढासळले होते, पूल कुजला होता, स्टुडिओत झाडे उगवली होती. १९७७ पासून जेराल्द व्हान देर केम्प यांनी तिचा जीर्णोद्धार हाती घेतला. तळे पुन्हा खोदावे लागले, पूल नव्याने बांधावा लागला, बरेचसे पैसे अमेरिकन देणगीदारांकडून उभे राहिले. काय कुठे होते हे ठरवायला जुनी छायाचित्रे होती, माळ्यांच्या आणि पाहुण्यांच्या आठवणी होत्या, आणि चित्रे होती. १९८० मध्ये बाग लोकांना खुली झाली. आज दर हंगामात लाखो माणसे तो हिरवा पूल पाहायला जातात. तळ्याने चित्राला जन्म दिला आणि चित्राने मेलेले तळे परत आणले.

मुंबईला मोनेचा रंग उशिराच पोहोचला. जे. जे.मध्ये १९३६ साली संचालक झालेल्या चार्ल्स जेरार्ड यांनी विद्यार्थ्यांना दृक्प्रत्ययवादी आणि त्यापुढच्या रंगविचाराची ओळख करून दिली. १९३८ मध्ये व्हिएन्नाहून वॉल्टर लांगहॅमर आले, टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाले. त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती पाहत आणि पॅलेटवरून काळा रंग कमी करायला शिकत. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले रझा, आरा, आपले विदर्भातले हरी अंबादास गाडे यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांत त्याची खूण दिसते. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. हे सगळे प्रसिद्ध आहे, पुस्तकांत आहे. त्याच्या पन्नास वर्षे आधी कोल्हापुरात तळ्याकाठी बसलेला माणूस मात्र आपल्या कलेच्या इतिहासात एका परिच्छेदापुरता येतो, हे मला खटकते.

त्याची तळीही गेली. कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे. कपिलतीर्थावर मंडई भरते. रावणेश्वराचे तळे बुजवून शाहू स्टेडियम उभे राहिले. रंकाळा आहे, पण सांडपाणी आणि जलपर्णी यांच्याशी त्याची झुंज अनेक वर्षे चालू आहे. कोटितीर्थाचीही तीच कथा. आबालालांचा रावणेश्वर पाहायचा तर आता कागदावरच पाहावा लागतो, आणि त्या जागी तो परत आणणे कुणालाही शक्य नाही.

पनवेलची तळी अजून आहेत. १८५२ मध्ये नगरपालिका स्थापन झालेले हे जुने बंदराचे गाव. भोर घाटाने कोकणात उतरणारा माल इथून गलबतांवर चढे. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि बंदराचे महत्त्व ओसरले, तरी गाव तळ्यांच्या पाण्यावर नांदत राहिले. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, लेंडाळे ही नावे म्हणताना एक लय येते. इस्रायल तळे इथल्या बेने इस्रायल समाजाची आठवण सांगते. तो समाज बहुतेक निघून गेला, नाव राहिले. मग देहरंग धरणाचे पाणी नळाने घरात आले आणि तळ्यांवरची गरज संपली. गरज संपली की तळ्याच्या वाट्याला निर्माल्य येते, राडारोडा येतो, सांडपाण्याचे तोंड येते. वडाळे तळ्याचे सुशोभीकरण झाले, काठावर सकाळ-संध्याकाळ माणसे फिरतात, हे चांगले झाले. पण फरशी, कठडा आणि दिवे हे काठाचे काम आहे. मोनेचा तळ्यावरचा माळी पाण्यात होडी घालत होता.

म्हणून पनवेल महापालिकेला माझी विनंती आहे: शहरातल्या प्रत्येक तळ्यासाठी एक माणूस नेमावा, ज्याचे काम फक्त पाणी हेच असेल. सांडपाणी आत येते ती तोंडे आधी बंद करावीत. जलपर्णी वर्षातून एकदा यंत्राने ओढून न काढता रोज हाताने काढावी, आणि तिच्या जागी आपल्या कमळाला आणि कुमुदिनीला जागा द्यावी. शाळांतल्या चित्रकला शिक्षकांना विनंती आहे की त्यांनी मुलांना वर्गात 'देखावा' काढायला न सांगता, महिन्यातून एका सकाळी वडाळ्याच्या किंवा कृष्णाळ्याच्या काठी नेऊन बसवावे, आणि तेच तळे वर्षभर काढायला लावावे. त्या कागदांवर तारीख आणि वेळ लिहून ते शाळेत जपून ठेवावेत. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणारी मुले या शहरात भरपूर आहेत. सुरुवात येत्या पावसाळ्यानंतर, तळी भरलेली असताना करावी.